मधल्या सुट्टीनंतरची पाच मिनिटं

मधली सुट्टी संपली की खेड्यातली शाळा असो वा दादरची, वर्गात गलका असतोच. मग सुट्टीच कमी करा, असं सुचवलं जातं. हा उपाय उलटा आहे. अमेरिकेतल्या चौथीच्या मुलांची एक पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुट्टी मिळालेल्या दिवशी मुलांचं लक्ष अभ्यासात अधिक लागलं, चुळबूळ घटली. म्हणजे अडचण खेळात नाही, खेळातून अभ्यासाकडे वळण्यात आहे. धापा टाकणाऱ्या मुलापुढे लगेच गणित मांडून वर ओरडलं, तर गोंगाटात आणखी एका आवाजाची भर, दुसरं काय! त्यापेक्षा मुलांना पाणी पिऊ द्यावं, हातपाय धुऊ द्यावेत, मग मिनिटभर डोळे मिटून बाहेरचे आवाज ओळखायला सांगावेत. बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंचा शांततेचा खेळ याच जातीचा.

यात वेळ जातो, हा आक्षेप खरा. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोजच्या पाच मिनिटांचे वर्षाला जवळपास १७ तास होतात. पण गप्प बसवण्यात रोज दहा मिनिटं गेली, तर ३३ तास जातात आणि ते कुणी मोजत नाही. तेव्हा शिक्षकांनो, ही पाच मिनिटं सरळ वेळापत्रकातच लिहून टाका.