वाळवंटातील वाचनालय
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



शताब्दीच्या मंडपात प्रवासवर्णन कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु या प्रवासाच्या अखेरीस एक वाचनालय भेटले. म्हणून हा विषय निवडला.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात चिरंजीवांनी आम्हां उभयतांना 'आर. व्ही.'मधून हिंडवले. शेजघर, ओटा, न्हाणीघर असा सारा संसार पोटात घेऊन धावणारी ही मोटार. पाणी मात्र टाकीत असेल तेवढेच! सांडपाण्याचीही टाकी भरते आणि ती नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते. नळ मोकळा सोडण्याची आमची सवय दोन दिवसांत सुटली.

टूसॉन शहराभोवती सग्वारो निवडुंगाचे खांब उभे आहेत. पहिली फांदी फुटायलाच त्यास साधारणतः अर्धशतकाहून अधिक काळ लागतो. शताब्दी साजरी करणाऱ्या संस्थेला हे झाड आप्तच वाटावे. पुढे बेन्सनजवळ महामार्ग सोडून आम्ही ८० क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेस वळलो. दुतर्फा वाळके गवत, काटेरी झुडपे आणि दूरवर निळसर डोंगर.

वाटेत टूम्बस्टोन लागते. 'या रानात तुला तुझ्या थडग्याचा दगडच सापडेल,' असे ज्याला बजावले, त्या एड शिफेलिनला १८७७ मध्ये तेथे चांदी सापडली. त्याने खाणीला तेच नाव दिले आणि १८७९ मध्ये वसलेल्या गावानेही तेच घेतले. दैवगती अशी की, पाण्याला तहानलेल्या त्या मुलखात खाणी बुडाल्या त्या भूगर्भातील पाण्याने. १८८६ मध्ये पंप जळाले आणि वैभव ओसरले. आज १८८१ च्या प्रसिद्ध गोळीबाराचे नाट्यप्रयोग पाहण्यास पर्यटक येतात. गाव आपल्या एका दिवसावर जगते आहे.

तेथून सुमारे ४० किलोमीटरवर, बोगद्यापलीकडच्या दरीत, तांब्याच्या खाणींचे बिस्बी आहे. गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी बाहेर ठेवून पायऱ्या चढलो. या गावाचा इतिहास निष्कलंक नाही. १२ जुलै १९१७ रोजी संपावरील कामगारांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना, अशा सुमारे १,२०० जणांना, बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडण्यात आले. पुढे १९७५ पर्यंत मोठ्या खाणीही बंद पडल्या.

पण १८८२ मध्ये स्थापन झालेले 'कॉपर क्वीन' वाचनालय चालूच आहे. १९०७ च्या इमारतीत खाली टपालकचेरी, वर ग्रंथ. ते काढले खाणकंपनीने. खाण गेली, तरी वाचक राहिले. २०१९ मध्ये अमेरिकेतील सर्वोत्तम लहान ग्रंथालय म्हणून त्याचा गौरव झाला.

त्या जिन्यात मला आपले इंदूर आठवले. १९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्य भारतात विलीन झाले. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. ज्यांच्या बळावर शहर उभे राहिले, ते आधार एकामागून एक गेले. तरी मराठी पुस्तकांचे हे कपाट उघडे राहिले, ते सभासदांच्या वर्गणीमुळे. मात्र केवळ जुन्या वैभवाची चित्रे टांगून बसलो, तर आपलेही टूम्बस्टोन होईल. घरातील नातवंडाच्या नावे एक सभासदत्व घ्यावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.