अंतर आणि अवधी : मुंबई ते लंडन
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मुंबईहून लंडन किती दूर, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेली जवळात जवळची वाट सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की तीच सरळ असल्याचे ध्यानात येते. परंतु निरोप देणाऱ्याच्या मनात किलोमीटर नसतात, दिवस असतात.

१८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा टळून सागरी मार्ग सुमारे आठ हजार किलोमीटरांनी आखूड झाला. तरीही आगबोटीला दोन-तीन आठवडे लागतच. १९२९ मध्ये लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे ते मुंबईस आणले. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला निघाले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

आज थेट विमानाला जाताना सुमारे साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना त्याहून थोडे कमी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना विरोध करतात, येताना साथ देतात. घड्याळाची गंमत निराळीच. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असते. म्हणून रात्री दोनला मुंबई सोडणारा प्रवासी दहा तास उडूनही तेथील सकाळी साडेसहाला उतरतो.

आकाशातील वाटही सर्वस्वी मोकळी नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा पश्चिमेकडील अनेक उड्डाणांना वळसे घ्यावे लागले. भूगोल तोच राहिला. अवधी मात्र राजकारणाने वाढवला.

बडोद्याच्या वाचकांना यातील एक धागा जवळचा वाटेल. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानणारा समाज भोवती असताना सयाजीराव महाराज १८८७ मध्ये प्रथम युरोपास गेले. पुढे १९०६ मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात भरली, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. संथ आगबोटींच्या त्या युगात दूरच्या मुलखातील एक कल्पना अशी गावोगावच्या वाचकाच्या दारी आली.

आता लंडनमधील मुलगा दहा तासांत घरी येतो. आजी दाराशी उभी असते. नातू तिला बिलगतो, पण तिच्या भाषेत बोलताना अडखळतो. सात हजार किलोमीटर ओलांडून आलेल्या त्या बालकाला उरलेले दोन हातांचे अंतर तेवढे पार करता येत नाही. हे अंतर कापणारे विमान कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. त्यासाठी घरात बोलली जाणारी भाषा हवी, आणि सुटीत आलेल्या नातवाचा हात धरून आजीला जेथे जाता येईल असे मराठी पुस्तकांचे एक कपाट गावात उघडे हवे. शंभर वर्षे ते कपाट उघडे ठेवणाऱ्यांना विनम्र अभिवादन.