हंगाम सरल्यावरचं बेट

नेदरलँड्सच्या उत्तरेला, वाडन समुद्रात स्खिरमोनिकोख हे बेट आहे. पाहुण्यांना तिथे मोटार नेता येत नाही, त्यामुळे सायकलवर तंबू लादून जायला ही जागा फार सोयीची. पण जायचं तर ऑगस्टच्या गर्दीत नव्हे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावं, असं माझं ठाम मत आहे. पाऊस लागेल, वारा झोंबेल, हे खरंच. मात्र बेट जेमतेम १६ किलोमीटर लांब आणि बहुतेक सपाट. जाताना तोंडावर घेतलेला वारा परतताना पाठीशी असतो. तंबूचे खुंटे तेवढे लांब घ्यावेत, आखूड खुंटे वाळूत धरत नाहीत.

खरा लाभ पाखरांचा. उत्तरेकडून आलेले थवे ओहोटीच्या चिखलात किडे टिपतात आणि भरती चढेल तसे काठाकडे सरकतात. मग या शांततेत माणसाने जावंच कशाला? हा आक्षेप मला रास्त वाटतो. भरतीच्या वेळी विसावलेलं पाखरू उडवलं, तर प्रवासासाठी साठवलेली चरबी ते वाया घालवतं. म्हणून सायकल आखलेल्या वाटेवरच ठेवावी, तंबू अधिकृत तळावरच ठोकावा. नेदरलँड्समध्ये उघड्या रानात मुक्काम करायला बंदीच आहे. तळ कोणत्या तारखेपर्यंत उघडा आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.