संकेतस्थळाचे फ्रेमवर्क : अनुभवाच्या कसोटीवर एक तुलना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाचे नवे संकेतस्थळ उभारावे, त्यावर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरता यावेत, विद्यार्थी-निधीचा जमाखर्च सभासदांना पाहता यावा आणि वधूवर-सूचीही तेथेच ठेवावी, असा ठराव आज सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. हे काम कोणत्या फ्रेमवर्कमध्ये करावे याविषयी आपल्या तरुण मंडळींत एकवाक्यता नाही. त्यांचे अनुभव ऐकून त्यांतील सार सभेपुढे ठेवावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी अभियंता नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तथापि दहा जणांची उत्तरे ताडून पाहणे हा शिक्षकाचा नित्याचा उद्योग आहे आणि तेवढ्याच अधिकाराने मी बोलत आहे.

प्रथम फ्रेमवर्क म्हणजे काय ते पाहू. शाळेतील हजेरीपट छापून तयार मिळतो. नाव कोठे, तारीख कोठे, बेरीज कोठे, हे रकाने आधीच आखलेले असतात. शिक्षकाला रोज रेघा माराव्या लागत नाहीत. संकेतस्थळाचेही तसेच आहे. सभासदाने परवलीचा शब्द देऊन आत येणे, अर्ज तपासून घेणे, माहिती कोठारात ठेवणे आणि चोरापासून तिचे रक्षण करणे, ही कामे प्रत्येक संकेतस्थळाला करावीच लागतात. ती करण्याची आखीव, पारखलेली सिद्धता म्हणजे फ्रेमवर्क. त्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील फ्रेमवर्क सर्व्हरवर काम करून तयार पान वाचकाकडे धाडतात. दुसऱ्या वर्गातील फ्रेमवर्क मुख्यतः वाचकाच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोनवर वा संगणकावर, पान रचतात.

पहिल्या वर्गातील तीन नावे आपल्या तरुणांच्या तोंडी वारंवार आली : जँगो, रेल्स आणि लाराव्हेल.

जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये ते रचावयास घेतले आणि जुलै 2005 मध्ये ते सर्वांस खुले झाले. वृत्तपत्राला उद्याचा अंक थांबत नाही. म्हणून थोड्या अवधीत पुरे काम उभे करावे, हा संस्कार त्याच्या अंगी जन्मापासून आहे. पायथॉन भाषेतील या फ्रेमवर्कविषयी वापरणारे एक गोष्ट आवर्जून सांगतात. माहितीचे स्वरूप एकदा लिहून दिले, की चिटणिसाने नोंदी पाहाव्या व दुरुस्त कराव्या यासाठीचा कारभाराचा पडदा ते जवळजवळ आयताच देते. तक्रार अशी, की त्याची शिस्त सोडून वेगळ्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला ते पुष्कळ अडविते.

रेल्स हे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केले. त्याची भाषा रुबी. ठरलेले संकेत पाळा म्हणजे बारीकसारीक सूचना लिहिण्याचा त्रास वाचेल, हे त्याचे सूत्र. आरंभीचा वेग थक्क करणारा असतो, असे सर्वजण म्हणतात. पण पडद्याआड इतके काही आपोआप घडत असते, की बिघाड झाल्यास नवख्याला त्याचे मूळ सापडत नाही, असेही तेच सांगतात. ट्विटरने 2006 मध्ये रेल्सवर आरंभ केला आणि व्याप वाढल्यावर त्यातील कामे क्रमाक्रमाने दुसरीकडे हलविली, हा दाखला विरोधक देतात. गिटहब आणि शॉपिफाय यांचा पसारा प्रचंड असूनही त्यांनी रेल्स सोडले नाही, हा दाखला समर्थक देतात. दोन्ही दाखले खरे आहेत. मात्र आपल्या सभासदांची संख्या पाहता, त्यांपैकी एकही आपल्याला लागू पडत नाही.

लाराव्हेल हे टेलर ऑटवेल यांनी 2011 मध्ये आणले. त्याची भाषा पीएचपी. स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवरही पीएचपी बहुधा उपलब्ध असते आणि ती जाणणारा मनुष्य जिल्ह्याच्या गावीही भेटतो, हे याचे मोठे बळ. पूर्वी हलगर्जीपणे लिहिलेल्या कामांमुळे पीएचपीची अपकीर्ती झाली होती. परंतु 2015 अखेर आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तिचा वेग पुष्कळ वाढला. लाराव्हेलची मार्गदर्शक पुस्तिका सुबोध आहे, असे नवशिके सांगतात. जुने वापरकर्ते मात्र बजावतात, की त्याची नवी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि एका आवृत्तीला संरक्षणाच्या दुरुस्त्या दोनच वर्षे मिळतात. म्हणजे डागडुजीचा खर्च आरंभीच अंदाजपत्रकात धरावयास हवा.

आता दुसरा वर्ग : अँग्युलर, रिअॅक्ट आणि व्ह्यू.

गूगलचे अँग्युलर-जेएस 2010 मध्ये आले आणि लोकप्रिय झाले. पुढे सप्टेंबर 2016 मध्ये आलेली दुसरी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. जुने काम तिच्यात जसेच्या तसे चालेना. जुन्याचा आधार 2021 अखेर संपला. ज्यांनी वर्षानुवर्षांचे काम त्यावर रचले होते त्यांच्या मनातील ती सल अजून गेलेली नाही. नव्या अँग्युलरविषयी मोठ्या कचेऱ्यांतील अनुभव बरा आहे : सर्व साहित्य एका पेटीत मिळते आणि पन्नास माणसे एकाच वळणाने लिहितात. एकट्या-दुकट्याला मात्र ती पेटी जड वाटते.

फेसबुकने 2013 मध्ये रिअॅक्ट खुले केले. काटेकोर बोलावयाचे तर ते पडद्यावरील रचनेपुरतेच साधन आहे. बाकीचे साहित्य ज्याने त्याने निवडावे. हे स्वातंत्र्य कोणाला आवडते, कोणाला त्याचा शीण येतो. शिवाय मागील पिढीची रीत लवकर मागे पडते. नवशिक्यांना ज्या साधनाने आरंभ करावयास सांगत, ते 2016 मधील साधन फेब्रुवारी 2025 मध्ये अधिकृतपणे निवृत्त करण्यात आले. तथापि वापरणारे अमाप असल्याने अडचण पडली तर उत्तर देणारा भेटतो आणि नोकरीही मिळते, हा लाभ लहान नव्हे.

एव्हान यू यांनी 2014 मध्ये व्ह्यू प्रसिद्ध केले. ‘शिकावयास सोपे’ हा अभिप्राय त्याला एकमुखाने मिळाला. परंतु तिसरी आवृत्ती 2020 मध्ये आली आणि दुसरीचा आधार 2023 अखेर थांबला; या मधल्या काळात, ज्यांची कामे इतरांनी रचलेल्या जोडसाहित्यावर अवलंबून होती त्यांची कुचंबणा झाली. या परावलंबनाचे टोकाचे उदाहरण मार्च 2016 मध्ये घडले. एका लेखकाने आपली अवघ्या अकरा ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ नावाची रचना सार्वजनिक भांडारातून काढून घेतली आणि जगभरच्या अनेकांची कामे काही तास अडून बसली. अकरा ओळी स्वतः लिहिण्याचा कंटाळा किती महाग पडतो, हे त्या दिवशी दिसले.

श्रोतेहो, ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण खरी. म्हणून वापरणाऱ्याच्या अनुभवाला मोल आहे. पण अनुभव तोलण्याचीही एक रीत आहे. ‘स्टेट ऑफ जेएस’ या नावाची वार्षिक पाहणी 2016 पासून होते. तीत ‘वापरले, पुन्हा वापरीन’ आणि ‘वापरले, पुन्हा नको’ असे वेगवेगळे जाब घेतले गेले आहेत. हा प्रश्न मार्मिक आहे, कारण निव्वळ कीर्ती आणि प्रत्यक्ष सहवास यांतील अंतर त्यात उघड होते. तरीही अशा पाहणीला उत्साही मनुष्य आपण होऊन उत्तर देतो. मुकाट्याने काम उरकणारा देत नाही. म्हणून मी आपल्या तरुणांना तीन प्रश्न विचारले : हे साधन तुम्ही किती वर्षे वापरले? दुसऱ्याने लिहिलेले काम तुम्हाला दुरुस्त करावे लागले काय? आवृत्ती बदलताना किती दिवस गेले? या प्रश्नांनंतर मतभेद पुष्कळ निवळले. स्तुती बहुतांशी पहिल्या महिन्याची होती आणि तक्रार तिसऱ्या वर्षाची.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. आतापर्यंतचे सर्व अनुभव लिहिणाऱ्याचे झाले. आपला खरा वापरकर्ता निराळाच आहे. तालुक्याच्या गावची मुलगी वडिलांच्या साध्या फोनवर, अडखळत येणाऱ्या इंटरनेटवर, मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज भरणार आहे. पान फोनवर रचावयाचे असेल तर आधी ते रचणारा सगळा पसारा फोनवर उतरावा लागतो. दुबळ्या फोनला तो पेलत नाही. सर्व्हरवरून तयार आलेले साधे पान तिच्यासमोर लवकर उघडते. कारागिराला हत्यार सुखाचे झाले, पण विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती हुकली, तर तो सौदा आपल्याला परवडणारा नाही.

आपल्या मागील संकेतस्थळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ते करून देणारे गृहस्थ दुसरीकडे गेले. नावाची नोंदणी त्यांच्या नावे, किल्ल्या त्यांच्यापाशी आणि लेखी टिपण कोठेच नाही. एके दिवशी ते बंद पडले आणि देणगीदारांची सात वर्षांची यादी आपल्याला पावतीपुस्तकांवरून पुन्हा जुळवावी लागली. यात दोष कोणत्याही फ्रेमवर्कचा नव्हता. उत्तम फ्रेमवर्क घेऊनही हाच प्रसंग पुन्हा येऊ शकेल.

यास्तव माझी सूचना अशी. आपले काम मुख्यतः अर्ज, नोंदी आणि हिशेब यांचे आहे. त्याला पहिल्या वर्गातील फ्रेमवर्क पुरे. जँगो किंवा लाराव्हेल यांपैकी कोणतेही चालेल. त्यांतून निवड गुणांच्या वादावर न करता एकाच प्रश्नावर करावी : पुढील पाच वर्षे ते सांभाळू शकतील अशी निदान दोन माणसे कोणत्या बाजूस आहेत? जँगो निवडल्यास तीन वर्षे संरक्षणाच्या दुरुस्त्या मिळतात अशी दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. एप्रिल 2025 मध्ये आलेली 5.2 ही तशी आहे. कोणतेही फ्रेमवर्क असो, नावाची नोंदणी व सर्व्हरचे खाते मंडळाच्या नावे असावे. दर आठवड्यास माहितीची प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती प्रत उघडते की नाही हे तिमाहीस पाहावे. कामाचे टिपण मराठीत लिहून चिटणिसांच्या दप्तरी असावे. वधूवर-सूचीत आपल्या मुलींची जन्मतारीख, पत्ते व छायाचित्रे असतात. ती ओळखीच्या सभासदाखेरीज कोणास दिसू नयेत. त्यांच्या संमतीवाचून ती ठेवूही नयेत. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, आणि कायदा नसता तरी ते आपले कर्तव्यच होते.

तरुण मित्रांनो, तुम्हांपैकी ज्यांचे आवडते फ्रेमवर्क निवडले जाणार नाही, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी रुसू नये. सांभाळणाऱ्या दोघांत तिसरा म्हणून उभे राहावे. विद्यार्थी-निधीत विधवा भगिनींनी दिलेले दहा-दहा रुपयेही आहेत. त्यांचा हिशेब कोणालाही, केव्हाही पाहता यावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे. ठराव या अटींसह मंजूर करावा, अशी सभेस प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.