गाठी आणि पेशीपटल



ठाण्याच्या माजिवडा, बाळकुम, कोलशेत या पट्ट्यात एकेकाळी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते. आज तिथे उंच इमारती आहेत आणि त्यांत म्हातारपण मुक्कामाला आले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातला सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मेंदूतल्या गाठी दाखवल्या, तेव्हापासून संशय त्या गाठींवरच खिळून राहिला. माझे म्हणणे असे, की आरोपीचा पत्ता थोडा चुकला आहे. खरा व्यवहार होतो चेतापेशीच्या पटलावर. गाठ म्हणजे पूर ओसरल्यावर उरलेला गाळ असावा.

पुरावा गाठी घडवणाऱ्या रेणूच्या जन्मापासूनच सुरू होतो. अमायलॉइड-बीटा ज्या मोठ्या प्रथिनातून निघते, ते पटलातून आरपार गेलेले असते. पहिला काप पटलाबाहेर बसतो, दुसरा पटलाच्या आत. त्यामुळे ४० किंवा ४२ अमिनो आम्लांच्या या पेप्टाइडचे शेपूट मुळात स्निग्धातच राहणारे. पाण्यात सोडल्यावर त्याने आसरा शोधावा, यात नवल ते काय? अरिस्पे आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच दाखवले, की कृत्रिम पटलात ते आयनांना वाट करून देते. कॅल्शियमचा हिशेब बिघडला की चेतापेशीचे काय होते, हे इथे सांगायला नको.

हे पेप्टाइड पटलाला कसे चिकटते, या प्रश्नावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने केलेले काम मला फार मोलाचे वाटते. सुटे रेणू पटलाला फारसे धरत नाहीत. त्यांचे लहान पुंजके झाले आणि घडण बदलली, की पटलाची ओढ निर्माण होते, असे त्यांनी २०१३ मध्ये मांडले. २०१५ मध्ये चांदीच्या नॅनोकणांवर लिपिडचे पटल चढवून, रामन प्रकीर्णनाने त्यांनी पटलाला चिकटलेल्या पुंजक्यांची घडण पाहिली: मध्ये वळण, दोन्ही बाजूंना बीटा-पट्टे. पटलावर बसलेला रेणू पटलावरच पाहायचा, हा हट्ट मला निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. प्रयोगशाळेत मायक्रोमोलर पातळीवर दिसलेले मेंदूतल्या नॅनोमोलर पातळीला लागू होईल का? म्हणूनच, मोजके रेणू मोजू शकणाऱ्या प्रतिदीप्तीच्या पद्धतींना मी जास्त वजन देतो. शिवाय पटल स्वतःच रेणूंना एका पृष्ठभागावर गोळा करते. दुसरा आक्षेप कटू आहे. विषारी पुंजक्यांविषयीचा २००६ चा गाजलेला शोधनिबंध चित्रांतल्या फेरफारांमुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. पण तो एका विशिष्ट पुंजक्याचा दावा होता. पटलाचा पुरावा त्याच्या बराच आधीपासून, वेगळ्या हातांनी, वेगळ्या पद्धतींनी उभा राहिला आहे.

तिसरा आक्षेप औषधाचा. लेकानेमॅब गाठी हटवते आणि ऱ्हासही मंदावते, मग गाठीच दोषी नाहीत का? हे प्रतिपिंड विरघळलेल्या पुंजक्यांनाही घट्ट धरते, म्हणून श्रेय कोणाचे हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. आणि १८ महिन्यांनंतरचा फरक १८ गुणांच्या मापावर ०.४५ इतकाच होता. टाऊ प्रथिनाचा वाटा मी नाकारत नाही. स्मृतीच्या ऱ्हासाशी त्याचे नाते गाठींपेक्षा जवळचे आहे. मात्र उतारवयातल्या अल्झायमरचा सर्वांत ठळक आनुवंशिक धोका ज्या एपीओई जनुकात आहे, त्याचे प्रथिन मेंदूत लिपिडचीच ने-आण करते, हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

तेव्हा पुढच्या संशोधकांकडे माझी मागणी साधी आहे. पेप्टाइड कोणत्या पटलावर तपासले, त्यात कोलेस्टेरॉल किती होते, जीएम-१ हे लिपिड होते की नव्हते, हे पुरवणीतल्या तक्त्यात दडवू नका; शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.