बाप्पूंचा धूमकेतू

मनाली कल्लत वेणू बाप्पू मराठी नव्हते. कुटुंब मूळचे केरळातल्या थलश्शेरीचे, जन्म 1927 चा, मद्रासचा. पण वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते, आणि आपल्या जामखेडच्या शिवेपलीकडचे आष्टी-पाटोदा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात मोडत होते. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाप्पू 1949 च्या जानेवारीत हार्वर्डला पोचले.

सहा महिन्यांतच, 2 जुलैला, त्यांनी घेतलेल्या आकाशाच्या एका फोटोप्लेटवर अनोळखी धूमकेतू सापडला. प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह त्यांनी त्याची कक्षा मांडली. सूर्याभोवतीच्या एका फेरीला सुमारे 60,000 वर्षे! धूमकेतूला तिघांचीही नावे मिळाली, बाप्पूंना डोन्हो पदक मिळाले. याला नशीब म्हणणारे म्हणोत. वेधशाळांत प्लेटा ढिगाने निघतात. भिंग लावून कानाकोपरा तपासणारे थोडे.

खगोलशास्त्रज्ञ मात्र त्यांना वेगळ्याच कामासाठी ओळखतात. 1957 मध्ये ऑलिन विल्सन आणि बाप्पू यांनी दाखवले, की थंड ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या काळ्या रेषेच्या मध्यभागी जी उजळ रेघ असते, तिची रुंदी मोजली की ताऱ्याचे खरे तेज कळते. खरे तेज कळले की ताऱ्याचे अंतर काढता येते. विल्सन-बाप्पू परिणाम तो हाच.

एवढे नाव झालेला माणूस अमेरिकेतच राहता. पण ते आधीच परतले होते. नैनितालची वेधशाळा उभी करून 1960 मध्ये कोडाईकॅनालचे संचालक झाले. तिथे पुण्याची एक दुर्बीण आधीच पोचलेली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून प्रा. कावसजी नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 20 इंची आरशाच्या दुर्बिणीची वेधशाळा चालवली. 1912 मध्ये ती बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. मुंबई इलाख्याने अशी वेधशाळा हातची घालवली, हे करंटेपणच म्हणायचे.

याच नायगमवालांनी 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण जामखेडच्या दक्षिणेला, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ ठोकून टिपले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही जेऊरजवळच उतरले होते.

इकडे बाप्पूंनी तमिळनाडूत जवादी डोंगरात नव्या वेधशाळेसाठी कवलूरची जागा हेरली, 1968 मध्ये तिथे छोट्या दुर्बिणीने काम सुरू केले आणि 2.34 मीटर आरशाच्या मोठ्या दुर्बिणीचा घाट घातला. ती पुरी होण्याआधीच, 19 ऑगस्ट 1982 रोजी, म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचे अध्यक्ष होते. 1986 मध्ये त्या दुर्बिणीला त्यांचे नाव दिले गेले. दोन वर्षांनी कवलूरच्याच दुसऱ्या एका दुर्बिणीने आर. राजमोहन यांना एक नवा लघुग्रह सापडला, त्याचे नाव रामानुजन. खुद्द बाप्पूंच्या नावाचाही लघुग्रह आहे, क्रमांक 2596.

जामखेडच्या शाळांनी हिवाळ्यात एखादी सहल जेऊरला काढावी, आणि 1898 च्या त्या ग्रहणाची हकीकत मुलांना तिथेच उभे राहून सांगावी.