दाराजवळची सफ

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विचारलं, "कशावर बोलणार?" मी म्हटलं, "बरं झाल्यावर काय करायचं, यावर." ते म्हणाले, "बरं झालं की झालं. आणखी काय करायचं असतं?" मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. म्हणून तर आलोय.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पॅनिक डिसऑर्डरचा पेशंट म्हणून जे भोगलं आणि शिकलो, तेवढंच सांगणार आहे.

ज्यांना पॅनिक अटॅक आलाय त्यांना तो काय असतो ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ऑफिसात सातव्या मजल्यावर मीटिंग चालू होती. काही कारण नसताना छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, घशाला कोरड, आणि डोक्यात एकच विचार : आपण मरतोय. मित्रांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, ईसीजी पुन्हा नॉर्मल. अम्मीनं पाण्यावर दम करून आणला. अब्बा म्हणाले, "टेन्शन घेऊ नको." एका नातेवाइकांनी निदानच करून टाकलं : "ईमान कमजोर पडलंय." हे वाक्य मला अटॅकपेक्षा जास्त लागलं.

अटॅक काही मिनिटांत शिखरावर जातो आणि ओसरतो. पण 'परत आला तर?' ही भीती चोवीस तास सोबत राहते. तीच माणसाला खाते. मी लिफ्ट सोडली. कात्रजचा बोगदा टाळायला लागलो. पाकिटात डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची पट्टी ठेवायला लागलो. बायको सोबत असल्याशिवाय गावाबाहेर जाणं बंद. आणि जुम्म्याला मी शेवटच्या सफेत उभा राहायला लागलो, दाराशी, चपलांच्या बाजूला. खुतबा संपता संपता पोहोचायचं, सलाम फेरला की निघायचं. लोकांना वाटायचं, आयटीवाला आहे, घाईत असतो.

मुलगी झाली तेव्हा बायको माहेरी मिरजेला होती. रात्री फोन आला, "दवाखान्यात नेतोय." मी स्वारगेटहून एस.टी. पकडली. खंबाटकी चढताना धडधड सुरू झाली. साताऱ्याला उतरलो, तो परत बसलोच नाही. रात्रभर स्टँडवर होतो. मेहुणा गाडी घेऊन आला आणि मी मिरजेला पोहोचलो, तेव्हा मुलगी सहा तासांची झाली होती. तिच्या कानात अजान सासऱ्यांनी दिली होती. बायको आजवर त्यावरून एक शब्द बोललेली नाही.

त्यानंतर मी उपचार घेतले. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांच्याकडे चौदा आठवडे गेलो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये मांडलेलं एक चक्र त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. छातीत धडधडतं, मन त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतं, त्या अर्थानं भीती वाटते, भीतीनं अॅड्रेनलिन वाढतं आणि धडधड आणखी वाढते. हे चक्र तोडायचं तर धडधडीला सामोरं जायचं. मॅडमनी मला गोल खुर्चीत गरगर फिरवलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, जिने पळत चढायला लावले. धडधड मुद्दाम आणायची आणि काही न करता ती जाऊ द्यायची. मग लिफ्ट, मग बोगदा, मग एकट्यानं एस.टी.

शेवटच्या सेशननंतर चौदा महिने काही झालं नाही. मी विषय संपवून टाकला होता. मग उन्हाळ्यातला रमजान आला. अकरावा रोजा. सहरीसाठी उठून झोप तुटलेली, दिवसाला चार कप घेणाऱ्याची कॉफी एकदम बंद, ऑफिसात रिलीज. असरनंतर डोकं हलकं झालं, छाती धडधडली, आणि तोच जुना विचार आला. दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पण मी मनाशी म्हटलं, सगळं वाया गेलं.

कुणाला सांगितलं नाही. काय तोंडानं सांगणार? सगळ्यांना पेढे वाटल्यासारखं 'बरा झालो' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी 'जरा व्यायाम' म्हणून जिन्यानं गेलो. तरावीहला 'गर्मी आहे' म्हणून दाराजवळ उभा राहिलो. गोळीची पट्टी कपाटातून पाकिटात आली. प्रत्येक वेळी कारण अगदी पटण्यासारखं होतं. ईदच्या दिवशी मुलगी मला लिफ्टकडे ओढत होती आणि मी तिला सांगत होतो, "बेटा, जिन्यानं गंमत येते." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मला सातारा स्टँड आठवला.

मॅडमना फोन केला. अटॅक किती मोठा होता, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "त्यानंतर काय काय टाळलंत?" मी यादी वाचली. त्या म्हणाल्या, "अटॅक परत येणं वेगळं आणि आजार परत येणं वेगळं. पहिलं तुमच्या हातात नाही. दुसरं बऱ्याच अंशी आहे."

मग त्यांनी मला पावलोव्हची कुत्री समजावून सांगितली. घंटा वाजली की खाणं मिळतं, हे कुत्रं शिकतं, म्हणून घंटेनं लाळ सुटते. मग खाणं न देता घंटा वाजवत राहिलं की लाळ थांबते. पण मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा घंटा वाजवली, तर लाळ परत सुटते. म्हणजे जुनं शिक्षण पुसलं गेलेलं नसतं. त्याच्या शेजारी नवं शिक्षण तयार झालेलं असतं. भीतीचंही तसंच. वेळ गेला, जागा बदलली, शरीर थकलं, की जुनी भीती डोकं वर काढू शकते. आमच्या धंद्यातल्या पोरांसाठी सांगतो, जुना कोड डिलीट झालेला नाही. नवा कोड चालवत राहावा लागतो.

हे कळल्यावर माझी लाज बरीच कमी झाली. थेरपी फसली नव्हती. मी सराव सोडला होता.

आता मी काय करतो ते सांगतो. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर माझी चिन्हं लिहिली आहेत : जिने, दाराजवळची जागा, पाकिटातली गोळी, 'तू चल ना सोबत'. यातली दोन दिसली तर मी बायकोला सांगतो, किंवा तीच मला सांगते. कुठं अटॅक आलाच तर दोन दिवसांत त्याच जागी परत जातो. आणि काही झालेलं नसतानाही महिन्यातून एकदा एकटा बोगद्यातून जातो, जिने पळत चढून छाती धडधडवतो. शेजाऱ्यांना वाटतं, वजन उतरवतोय.

रमजानसाठी कॉफी शाबानपासूनच कमी करत आणतो. औषध चालू होतं तेव्हा रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटून वेळ ठरवून घ्यायचो. पुढं त्यांनीच ते हळूहळू कमी करत बंद केलं. कुणी म्हणालं म्हणून किंवा बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद करू नका, त्रास होतो. आणि आजारी माणसाला रोजाची सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

दुआबद्दलही बोललं पाहिजे. अम्मीनं दम केलेलं पाणी मी आजही पितो. पण एक काळ असा होता की आयतुल कुर्सी पढल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबत नव्हतो. ती इबादत नव्हती, पाकिटातल्या गोळीसारखीच ती वापरत होतो. हा फरक ज्याचा त्यालाच कळतो. तेवढा मात्र प्रामाणिकपणे बघावा.

छातीत नव्यानं दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर 'पॅनिकच असेल' म्हणून घरी बसू नका. आधी तपासून घ्या. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलंय की शरीराच्या आजारासारखीच मनाच्या आजारासाठीही विम्याची सोय हवी. पॉलिसी काढताना विचारा, लाजू नका.

मुलीच्या कानात अजान देण्याची वेळ माझ्यासाठी परत येणार नाही. ती गेली ती गेली. पुढच्या वेळा जाऊ नयेत म्हणून हा सगळा खटाटोप.

गेल्या शुक्रवारी मी तिसऱ्या सफेत होतो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी उशीर झाला म्हणून शेवटच्या सफेत. खरंच उशीर झाला होता का, हे घरी येऊन स्वतःला विचारलं. उत्तर 'हो' आलं, ऑफिसचा कॉल लांबला होता. ज्या दिवशी 'नाही' येईल, त्याच्या पुढच्या शुक्रवारी लवकर निघायचं, एवढं ठरलेलं आहे.